गोल वडी आणि चोख हिशेब

दिवाळीच्या तोंडावर पनवेलमध्ये महिला बचत गटांची प्रदर्शने भरतात. भाजणी, कडबोळी, उटणे, पणत्या यांच्या रांगेत अलीकडे आणखी एक वस्तू मानाने विराजमान झालेली दिसते. ती म्हणजे घरी केलेला साबण. नाण्यासारखी गोल, इंचभर जाडीची, ताग्याच्या दोऱ्याने बांधलेली वडी. तिच्या कागदी पट्टीवर बहुधा दोन गोष्टी ठळक अक्षरांत असतात, 'शंभर टक्के नैसर्गिक' आणि 'रसायनमुक्त'. ग्राहक वडी हातात घेतो, हुंगतो, किंमत ऐकून क्षणभर थबकतो आणि तरीही घेतो. आपल्याच गावातील भगिनीच्या हाताला चार पैसे मिळावेत ही त्यामागील भावना निश्चितच स्वागतार्ह आहे. तथापि पट्टीवरील त्या दोन शब्दांविषयी कुणीतरी स्पष्ट बोलण्याची वेळ आता आली आहे.

या वडीच्या गोलाईचे मूळ अगदी साधे आहे. ती नळकामाच्या पीव्हीसी पाइपमधून येते. पनवेलच्या चहूबाजूंनी गेली कित्येक वर्षे इमारती उभ्या राहत आहेत आणि नळकामातून उरलेल्या पाइपच्या तुकड्यांना गावात तोटा नाही. तीन इंच व्यासाचा, फूटभर लांबीचा तुकडा घ्यायचा, एका टोकाला टोपण बसवायचे, आत तेलकट कागदाची गुंडाळी सरकवायची, की साचा तयार. त्यात साधारण सव्वा लिटर लगदा मावतो आणि इंचाइंचावर कापल्यास बारा वड्या निघतात. लाकडी खोक्याच्या साच्याला कोपरे असतात, ते खचतात. चौकोनी लादी वाकडी कापली जाते. पाइपमधून निघालेला दांडका मात्र सुरीखाली सरळ बसतो. ज्या घरात ओट्याखेरीज दुसरी जागा नाही, तिथे उभा राहणारा हा साचा सोयीचाच आहे.

सोय असली तरी हे काम लेचेपेचे नाही. कॉस्टिक सोडा पाण्यात टाकायचा असतो, पाणी सोड्यावर ओतायचे नसते, हा पहिला धडा. उलट केले तर द्रावण उसळून अंगावर येते. पाण्यात सोडा पडताच ते चुलीवाचून कढत होते. भांडे स्टीलचे चालते; ॲल्युमिनियमचे पातेले घेतले तर सोडा पातेल्यालाच खातो आणि त्यातून निघणारा वायू ज्वालाग्राही असतो. हे द्रावण निवल्यावर तेलात मिसळून घोटायचे. पळी उचलली की पृष्ठभागावर रेघ उमटून राहते, तेव्हा लगदा साच्यात ओतण्याजोगा झाला असे समजावे. यानंतर पाइप आपला स्वभाव दाखवतो. तेल आणि सोडा यांच्या संयोगातून उष्णता बाहेर पडते आणि उभ्या दंडगोलात ती मध्यभागी कोंडते. सुगंधी द्रव्य वा मध अंमळ जास्त पडला, तर दांडक्याचा गाभा फुगून वर उसळतो, क्वचित चिरतो. दोन दिवसांनी तो बाहेर काढणे हीही कसरतच. टोपण न काढता एका बाजूने ढकलत बसले, तर आतली हवा दांडक्याला धरून ठेवते. दोन्ही टोके मोकळी केली की तो मुकाट्याने सरकतो.

त्यापुढचे काम कुणाच्याच हाती नसते. कापलेल्या वड्या सावलीत, वाऱ्याच्या जागी चार ते सहा आठवडे ठेवाव्या लागतात. त्या अवधीत पाणी उडते, वडी टणक होते, वजनाला उतरते. कोकणातल्या पावसाळ्यात तर हा काळ अधिकच लांबतो, कारण घरगुती साबणात ग्लिसरीन तसेच राहिलेले असते आणि ते हवेतला ओलावा ओढून घेते. श्रावणात वड्यांना घाम फुटतो तो यामुळे. म्हणजे दिवाळीत विकायची वडी भाद्रपद सरण्यापूर्वी ओतलेली हवी. प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात ओतून पट्टी चिकटवलेल्या वडीला साबण म्हणावे की घाई, हा प्रश्नच आहे.

आता 'रसायनमुक्त' या शब्दाकडे वळू या. कॉस्टिक सोड्याविना घट्ट साबणाची वडी होत नाही. एक किलो खोबरेल तेलाचा पूर्ण साबण व्हायला सुमारे १८० ग्रॅम सोडा लागतो, तर तेवढ्याच एरंडेलाला १३० ग्रॅमही लागत नाही. तेल बदलले की हिशेब बदलतो. शहाणी कारागीर हिशेबापेक्षा शेकडा पाच टक्के सोडा कमीच घालते, त्यामुळे थोडे तेल वडीत मुरून राहते आणि त्वचेला जाच होत नाही. नीट मुरलेल्या वडीत मोकळा सोडा शिल्लक राहत नाही, हेही तितकेच खरे. मग लपवायचे काय? 'कॉस्टिक सोडा वापरून केलेला, सहा आठवडे मुरवलेला' असे पट्टीवर लिहिण्यात कमीपणा कसला? दह्याला विरजण लागते हे गृहिणी कधी दडवत नाही. रसायनाला शिवी आणि नैसर्गिकाला ओवी ही जाहिरातीची भाषा आहे, आणि ती मोठ्या कंपन्यांकडून उसनी घेतलेली आहे.

दुसरा प्रश्न तेलाचा, आणि तो अधिक गंभीर आहे. 'स्वदेशी साबण' म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक वड्यांत पामतेल असते. ते स्वस्त पडते, वडी टणक करते आणि ते येते मुख्यतः इंडोनेशिया आणि मलेशियातून. याहून वाईट प्रकार म्हणजे कारखान्यातून आलेली साबणाची तयार लादी विकत आणून वितळवायची, रंग-गंध घालून त्याच पाइपमध्ये ओतायची आणि वर 'हस्तनिर्मित' असे छापायचे. हात लागला हे खरे. निर्मिती मात्र दुसरीकडेच झालेली असते.

ज्या तालुक्यात हे घडते त्या तालुक्याचे नाव आठवले की मन थोडे खट्टू होते. पनवेलजवळचे शिरढोण हे आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव. ज्या पुण्यात त्यांचा पिंड घडला, त्याच पुण्याचे सार्वजनिक काका १८७७ च्या दिल्ली दरबारात हातच्या सुताचे कपडे घालून गेले होते. सूत कुठले, माग कुठला, विणणारा कोण, या तीन प्रश्नांची उत्तरे देता येणे हाच त्यांच्या स्वदेशीचा अर्थ होता. साबणाच्या बाबतीत तर हा अर्थ पुढे फार लवकर उमगला. १८८८ साली लीव्हर बंधूंचा सनलाइट साबण पेट्यांतून कलकत्त्याच्या बंदरात उतरला आणि पेट्यांवर 'इंग्लंडात बनवलेला' असा शिक्का होता. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस अर्देशीर गोदरेज यांनी प्राण्यांच्या चरबीऐवजी वनस्पतिजन्य तेलाचा साबण करून त्याला उत्तर दिले. (त्यांनी 'क्रमांक दोन' आधी काढला आणि 'क्रमांक एक' नंतर, ही व्यापारी चतुराईही दाद देण्याजोगीच!) त्या काळी देशी साबणाने स्वतःविषयी जे सांगितले ते तेलाविषयी सांगितले, आणि तेच त्याचे बळ ठरले.

असे तेल पनवेलच्या परिसरात नाही काय? करंज आहे, कडुनिंब आहे, कातकरी वाड्यांच्या आसपास मोह आहे, किनाऱ्याकडे नारळ आणि उंडी आहे. कोकमाच्या बियांचे तेल कोकणातील स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या काढत आल्या. बिया कुटून उकळायच्या, वर आलेले स्निग्ध मुठीत दाबून त्याचे गोळे करायचे. म्हणून त्याचे नाव मुठेल. मूठ हाच तिथे साचा होता. ही तेले पामतेलापेक्षा महाग पडतात, करंजाचा वास सर्वांना रुचत नाही, बिया गोळा करण्याचा हंगाम थोडका असतो. या अडचणी खऱ्या आहेत. परंतु खादी आणि ग्रामोद्योगाच्या चळवळीने अखाद्य तेलांच्या साबणाचा पुरस्कार केला तो नेमका यासाठी की, रानात कुजून जाणाऱ्या बियांना मोल यावे आणि त्या वेचणाऱ्या हातांना मजुरी मिळावी.

मुंबई-गोवा महामार्गावर, शिरढोणच्या पुढे तारा गावी युसुफ मेहेरअली सेंटरने तेलघाणी आणि साबण हे उद्योग याच विचाराने चालवले. १९६१ साली स्थापन झालेली ही संस्था समाजवादी परंपरेतली. तिचे अध्वर्यू डॉ. जी. जी. पारिख यांचे २ ऑक्टोबर २०२५ रोजी वयाच्या शंभरीत निधन झाले. त्यांच्या राजकीय मतांशी या वाचकवर्गाचे जमणे अवघडच. परंतु घाणी आणि साबणाची कढई एकाच आवारात असावी, ही त्यांची दृष्टी अचूक होती हे मोकळेपणाने मान्य करावयास हवे. चांगल्या कामाला पक्षाचा दाखला लागत नाही.

मग बचत गटांनी हे का करू नये? इथे कायदा आडवा येतो. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यातील व्याख्येतून साबण वगळलेला होता. १९८२ च्या दुरुस्तीने ती सवलत गेली. तेव्हापासून अंगाचा साबण विक्रीसाठी करावयाचा तर अन्न व औषध प्रशासनाचा परवाना, ठरावीक जागा आणि रसायनशास्त्र वा औषधनिर्माणशास्त्र शिकलेली जबाबदार व्यक्ती यांची गरज लागते. ओट्याशेजारी पाइप उभा करणाऱ्या गृहिणीला हे तिन्ही कुठून परवडणार? परिणामी ती परवान्यावाचून विकते आणि पकडले जाण्याच्या भीतीने पट्टीवर कमीत कमी लिहिते. अर्थात कायदा रद्द करा, ही मागणी वेडगळपणाची ठरेल. कच्च्या सोड्याची वडी एखाद्या तान्ह्या बाळाच्या अंगाला लागली तर काय होईल, याचा विचार करणारा कुणीही ती करणार नाही.

मात्र याच नियमांत एक वाट आहे. परवानाधारकाच्या जागेत दुसऱ्याने उत्पादन करण्याची, म्हणजे ऋण परवान्याची, तरतूद त्यांत आहे. पनवेल तालुक्यात पाच-दहा बचत गटांनी मिळून एक सामाईक साबणशाळा काढावी. तिच्यात एक तराजू ग्रॅमचा हिशेब देणारा असावा, एक पदवीधर रसायनज्ञ पगारावर असावा, एक घाणी असावी. १८७२ पासून धूतपापेश्वरसारखा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना ज्या गावाने पाहिला आहे, तिथे मात्रा, घटक आणि नोंदवही या गोष्टी परक्या नाहीत. महानगरपालिकेने तिला एक गाळा द्यावा. प्रदर्शनांना मांडव देणाऱ्या संस्थांनीही उद्घाटनाच्या हारतुऱ्यांत थोडी काटकसर करून पहिल्या वर्षाचा परवाना-खर्च उचलावा. रसायनज्ञाच्या पगारापुरती विक्री होईल का, ही शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर पहिल्या दोन हंगामांतच मिळेल.

हे होईपर्यंत पट्टीवर चार ओळी लिहिण्यास कुणाची परवानगी लागत नाही. तेल कोणते आणि कुठून आणले, सोडा किती, कोणत्या तारखेला ओतली, वाळल्यावरचे वजन किती. ग्राहकानेही वडी हुंगण्याआधी ती तारीख विचारावी.