अंदाजपंचे

मागचे दोन वीकांत इथे काही लिहिलं नाही, कारण दोन्ही गॅरेजमध्ये गेले. आमच्या मारुती ८०० चं इंजिन सहा महिन्यांत दुसऱ्यांदा उघडलं. पहिल्यांदा उघडलं ते झिजल्यामुळे. दुसऱ्यांदा उघडावं लागलं त्याला मी जबाबदार आहे. कसा, ते सांगतो.

गाडी २००२ सालची, बाबांची. मार्चमध्ये इंजिन गरम झालं की सिग्नलला ऑइलचा लाल दिवा लुकलुकायला लागला आणि खालून ठकठक असा जाड आवाज. गॅरेजवाला म्हणाला, बेअरिंग गेलेत. इंजिन उतरवलं, क्रँक बाहेर काढला, आणि त्याने विचारलं, "साहेब, क्रँक मशीन शॉपला पाठवून मोजून घेऊ का? ४०० रुपये आणि दोन दिवस जास्त लागतील."

मी अस्सल कस्टमरसारखा विचारलं, "गरज आहे का?"

त्याने जर्नलवरून अंगठा फिरवला. "तसा दिसतोय चांगला."

शनिवारी साताऱ्याला लग्न होतं, गाडी हवी होती. मी म्हटलं, मग राहू द्या. नवीन स्टँडर्ड बेअरिंग बसले, गाडी शुक्रवारी हातात. जेमतेम ९०० किलोमीटर झाले असतील, बाबा एकटेच चालवत असताना तोच आवाज परत आला, आधीपेक्षा मोठा. टो करून आणली. बाबा एवढंच म्हणाले, "विकून टाक आता भंगारात." ते चिडून म्हणाले असते तर बरं वाटलं असतं.

आता गंमत बघा. मी मेकॅनिकल इंजिनियर आहे. (हो, आणि काम आयटीत. पुण्यात अशांची जनगणना करायला हवी!) क्रँक बेअरिंगमध्ये फिरताना धातूला धातू लागत नाही, मधल्या ऑइलच्या पातळ थरावर तो तरंगतो. ३००० आरपीएमला सेकंदाला ५० फेरे. हा थर टिकायला फट नेमकी लागते. अशा छोट्या इंजिनात साधारण ०.०२ ते ०.०५ मिलिमीटर. आपला केससुद्धा बहुधा याहून जाड असतो. मशीन डिझाइनच्या पेपरात सोमरफेल्ड नंबरचं गणित मी सोडवलेलं आहे. त्या सूत्रात फटीचा वर्ग छेदात येतो, म्हणजे फट दुप्पट झाली की आकडा थेट एक चतुर्थांश. हे सगळं पाठ होतं, तरी मी ४०० रुपये वाचवले.

असो. या वेळी एका मित्राने सुचवलेल्या मामांकडे गेलो. मामांनी आधी क्रँक मायक्रोमीटरने मोजायला घेतला. तीन सिलिंडर, म्हणजे चार मेन जर्नल आणि तीन क्रँकपिन. प्रत्येकाची दोन्ही टोकांना, आडवी-उभी अशी चार मापं. एकूण २८ आकडे एका वहीच्या पानावर. मधली पिन ३० मायक्रॉनने लंबगोल निघाली. चालतं ते १० च्या आसपास. तिथे गोल बेअरिंग कितीही नवीन टाका, फट एका बाजूला कमी आणि एका बाजूला जास्तच राहणार. ३० मायक्रॉन अंगठ्याला कसे कळणार?

मग तिन्ही पिना ग्राइंड करून ०.२५ मिमी अंडरसाइझ केल्या आणि त्या मापाचे बेअरिंग नाना पेठेतून आणले. ग्राइंडिंगचा कीस क्रँकच्या ऑइलच्या भोकांत अडकून राहतो, तो रॉकेलने धुऊन हवा मारून काढला. बेअरिंगची पाठ कोरडी-स्वच्छ, ऑइल फक्त आतल्या बाजूला. कॅप ज्याची त्याच जागी आणि त्याच दिशेने, कारण त्यांची भोकं ब्लॉकबरोबर एकत्र पाडलेली असतात. प्लॅस्टिगेजची बारीक दोरी जर्नलवर ठेवून टॉर्क रेंचने टप्प्याटप्प्याने कॅप आवळली, परत खोलली आणि चेपलेल्या दोरीची रुंदी पट्टीशी ताडून पाहिली. प्रत्येक बेअरिंगला. या वेळात क्रँक जराही हलवायचा नाही. मग दोरी पुसून, ऑइल लावून शेवटची जोडणी. आणि प्रत्येक कॅपनंतर क्रँक हाताने फिरवून बघायचा.

दोन शनिवार गेले. दुसऱ्या खेपेचं बिल साडेअकरा हजार.

सगळे पहिल्या गॅरेजवाल्याला शिव्या घालायला सांगतात. मला ते पटत नाही. त्याने विचारलं होतं. मोजमापाला नाही म्हणणारा मी होतो, आणि माझ्यासारखीच बहुतेक गिऱ्हाइकं असतात. पार्टचे पैसे आपण निमूट देतो, कारण पार्ट हातात धरता येतो. मोजण्याचे पैसे मात्र आपल्याला गरीब मेकॅनिकने लावलेला चुना वाटतो. मग तोही हळूहळू विचारणं सोडतो, मायक्रोमीटर कपाटात जातो, आणि आपण म्हणायला मोकळे की आजकाल चांगले कारागीर राहिले नाहीत. ऑफिसात एस्टिमेटमधून क्लायंट पहिल्यांदा टेस्टिंगचे दिवस कापतो तेव्हा आपण कॅन्टीनमध्ये त्याच्या नावाने खडे फोडतो ना? गॅरेजमध्ये मी तोच क्लायंट होतो.

अनुभवी माणसाच्या अंगठ्याला काही किंमत नाही असं नाही. कुठे मोजायचं हे अनुभवच सांगतो. पण किती, हे मायक्रोमीटरच सांगतो. त्यामुळे तुमच्या गाडीचं इंजिन उघडायची वेळ आली तर दोन गोष्टी करा: गाडी कधी मिळेल हे विचारू नका, आणि बिलाबरोबर मापांचा कागद मागा.

आमचा २८ आकड्यांचा कागद बाबांनी गाडीच्या आरसी बुकात ठेवलाय. भंगाराचा विषय सध्या बंद आहे.