विहिरीतला पाव आणि पिशवीतला तांदूळ

पोर्तुगिजांनी गावच्या विहिरीत पाव टाकला आणि ते पाणी प्यायलेलं अख्खं गाव बाटलं, ही गोष्ट वसईत लहानपणी कानावर पडतेच. इतिहास म्हणून ती कितपत टिकेल, ते बाजूला ठेवू. गोष्ट सांगतात तशीच घेतली तरी पाव टाकणाऱ्याने त्यात कुणालाही ख्रिस्ती केलेलं नाही. माणसं पाणी पिऊन घरी गेली आणि त्यांना पंगतीतून उठवलं ते त्यांच्याच भाऊबंदांनी. आज चर्चच्या आवारातून एखादी बाई तांदूळ-डाळीची पिशवी घेऊन बाहेर पडली की ‘गेली ही, आता बाप्तिस्मा ठरलेला’ असं म्हणणारे त्या भाऊबंदांचेच वारस आहेत.

ही पिशवी येते कुठून, ते आधी पाहू. पॅरिशमध्ये हे काम बहुधा सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीकडे असतं. फ्रेडरिक ओझानाम या विशीतल्या विद्यार्थ्याने १८३३ साली पॅरिसमध्ये मित्रांना घेऊन ती सुरू केली. सभासद साधे संसारी लोक असतात, धर्मगुरू नव्हेत. त्यांनी बैठकीला जमायचं, बैठकीत एक थैली फिरवायची, ज्याने त्याने जमेल ते गुपचूप आत टाकायचं आणि गरजू कुटुंबाच्या घरी स्वतः जाऊन यायचं, अशी रीत आहे. मदत घेणाऱ्याचा धर्म विचारायचा नाही, हा सोसायटीचा नियमच आहे. परदेशी पैशाच्या राशी डोळ्यांसमोर आणणाऱ्यांनी ही थैली एकदा पाहावी. तिच्यात बहुतेक चिल्लर आणि दहा-वीसच्या नोटा निघतील.

तरीही आमिषाचा आरोप झटकून टाकता येत नाही. १५३४ ते १७३९ इथे पोर्तुगीज सत्ता होती. त्या काळात देवळं पाडली गेली, नवख्रिस्त्यांना राजाकडून सवलती मिळाल्या. पुढे १८७६-७८च्या दुष्काळानंतर अहमदनगरकडे मोठ्या संख्येने लोक मिशनमध्ये गेले, आणि १८९६ नंतरच्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी केडगावला आणलेल्या मुलींपैकी पुष्कळ ख्रिस्ती झाल्या. संशयाला कारण होतं हे जो ख्रिस्ती माणूस नाकारतो, तो आपल्याच माणसांची बाजू लंगडी करतो.

पण कालच्या कारणावर आजचा निकाल लागत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५मध्ये सक्तीने किंवा लालूच दाखवून श्रद्धेकडे ओढण्याला स्पष्ट मनाई केली. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००५च्या आपल्या पहिल्या परिपत्रात लिहिलं की दानधर्म हे धर्मांतराचं साधन होता कामा नये. ही कागदावरची वचनं झाली, असं कुणी म्हणेल. ठीक, मग व्यवहार पाहू. कॅथलिक पंथात प्रौढ माणसाला बाप्तिस्मा घ्यायचा तर आधी कित्येक महिने शिकवणीला बसावं लागतं. शिवाय १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला की त्याची अनुसूचित जातीची सवलत जाते. म्हणजे ज्याला आपण पाच किलो तांदळाला भुललेला समजतो, तो त्या पाच किलोंसाठी पोराची शिष्यवृत्ती आणि नोकरीतलं आरक्षण सोडून देणार! गरिबाला हिशेब येत नाही, अशी समजूत असल्याशिवाय हा आरोप करताच येत नाही.

आदिवासींना हा आदेश लागू नाही, ते ख्रिस्ती झाले तरी त्यांची सवलत राहते, असं विरोधक लगेच दाखवतील. बरोबर आहे. मग आदिवासींचंच बोलू. आजच्या पालघर जिल्ह्यात धान्य देऊन माणसं विकत घेण्याचा धंदा खरोखर चालला, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या चालला. पावसाळ्यात घरातला दाणा संपला की सावकाराकडून खावटी घ्यायची आणि पीक आल्यावर ती वाढीने फेडायची. लग्नासाठी कर्ज काढलं तर नवरा-बायको दोघांनी सावकाराच्या घरी राबायचं. त्यांना लग्नगडी म्हणत. १९४५ साली तलासरी-उंबरगाव भागात गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली उठले ते या वेठीविरुद्ध. त्यानंतर सदतीस वर्षांनी, १९८२ साली, विवेक पंडितांना याच वसई तालुक्यातल्या दहिसर गावात वेठबिगार सोडवण्यासाठी श्रमजीवी संघटना उभारावी लागली. त्या धान्याच्या मोबदल्यात देह लिहून घेतला जात होता, आणि घेणारे बहुतेक आपल्याच देवांना नमस्कार करणारे प्रतिष्ठित लोक होते. त्यांना कुणी धर्म बुडवला म्हणून जाब विचारल्याचं माझ्या वाचनात नाही. ज्या दाण्याची परतफेड मागितली जात नाही, त्याची मात्र आपल्याला धास्ती!

चर्चची आणखी एक कोंडी आहे. पिशवी फक्त आपल्या लोकांना दिली तर चर्चवाले जातीयवादी ठरतात आणि सगळ्यांना दिली तर बाटवणारे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शिर्डीच्या प्रसादालयात नाहीतर गुरुद्वाराच्या लंगरात जेवून आलेल्याला मात्र आपण ‘आता धर्म बदललास का?’ असं विचारत नाही.

दुसरा आक्षेप जास्त शहाणा दिसतो. सरकार फुकट धान्य देतंय, वर चर्चने दिलं तर लोक आळशी होतील, असा तो आहे. सरकार काय देतं? प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला पाच किलो, म्हणजे दिवसाला साधारण १६५ ग्रॅम गहू-तांदूळ. तेल, डाळ, मीठ, चहा आणि गॅस ज्याचा त्याने पाहायचा. शिवाय ते मिळायला शहरी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५९ हजारांच्या आत लागतं. म्हणजे महिन्याला पाच हजारसुद्धा नको. वालीवच्या कारखान्याच्या गाळ्यात बारा तास उभी राहणारी बाई त्याहून जास्त कमावते, म्हणून सरकारलेखी ती गरीब नाही. संतोष भुवनच्या चाळीतल्या खोलीचं भाडं आणि पोरांची फी भरून तिच्या हातात काय उरतं, ते या मर्यादेला दिसत नाही. कुणाचं कार्ड गावी सासऱ्याच्या नावावर आहे, कुणाचं नाव लग्नानंतर माहेरच्या कार्डावरून निघालं पण सासरच्या कार्डावर चढलंच नाही, तर कुणाचा अंगठा मशीनवर उमटत नाही. वसई-विरारच्या पूर्वेकडच्या वस्त्यांत उपास पडतो तो असा, कामावर जाणाऱ्यांच्या घरात. आळस करायला त्यांच्याकडे वेळ कुठला?

अडीअडचणीला चर्चच्या धान्याच्या कोठीचं मोल इथेच कळतं. तिथे कार्डाचा रंग विचारत नाहीत. नोकरी गेली, नवरा आजारी पडला, पावसात वस्तीत पाणी शिरून पीठ भिजलं, एवढं सांगणं पुरतं. अर्ज मंजूर होईपर्यंतचे दोन महिने पोटाला थांबता येत नाही. अमेरिकेत जॉन व्हॅन हेंगल यांनी १९६७ साली ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरात सेंट मेरीज चर्चच्या आधाराने पहिली फूड बँक काढली, तीही अशाच मधल्या फटीसाठी. दुकानांत पडून राहणारं चांगलं अन्न तिथे जमा करायचं आणि गरजेला तिथूनच काढायचं, अशी ती कल्पना होती.

आता डावीकडून येणारा आक्षेप. हक्काचं मिळायला हवं, दान कशाला? हा मला सगळ्यांत वजनदार वाटतो, आणि त्याचं उत्तर वसईच्या चर्चच्याच इतिहासात आहे. सावकारीने पिचलेल्या इथल्या ख्रिस्ती शेतकऱ्यांसाठी मॉन्सिनिअर पी. जे. मोनीस यांनी १९१८ साली सहकारी पतपेढी काढली. तीच आजची बॅसिन कॅथलिक बँक. मोनीस यांना नुसतं धान्य वाटता आलं असतं. त्यांनी कर्जाचं मूळच खणायला घेतलं. कोठी त्यांचं हे अर्धं काम विसरली, तर डावे म्हणतात ते खरं ठरेल.

म्हणून कोठी बंद करा म्हणणाऱ्यांना माझा विरोध आहे, तसाच ती आहे तशीच चालू ठेवा म्हणणाऱ्यांनाही. वाटपाचे फोटो काढणं थांबलं पाहिजे. नाताळच्या आसपास त्यांना विशेष ऊत येतो आणि पिशवी घेणाऱ्या म्हातारीची मान त्यात नेहमी खाली असते. पिशवी आधीच भरून हातात देण्यापेक्षा फळीवरून तिला हवं ते उचलू द्यावं. मधुमेह असलेल्या बाईला दोन किलो साखर देण्यात कसली करुणा? प्रार्थना ज्याला हवी त्याने वर चर्चमध्ये जाऊन करावी, वाटपाच्या रांगेत नको. सूचना फलकावर महिन्याला किती धान्य आलं आणि किती गेलं, ते लिहावं. कुणाला गेलं, ते लिहू नये. आणि फळीशेजारी एक टेबल मांडून रेशनकार्डाचे अर्ज भरून द्यायला माणूस बसवावा. उत्तर प्रदेशातल्या कार्डावर नालासोपाऱ्यातल्या दुकानातही धान्य उचलता येतं, हे तिथल्या भाडेकरूला समजावून सांगणारं कुणीतरी हवं. वसईच्या पॅरिशमध्ये निवृत्त बँक कर्मचाऱ्यांची तर मुळीच टंचाई नाही.