कमळाचा देठ आणि रबरी हात

शिरेंत सुई घालण्याची विद्या पोथी वाचून येत नाहीं. ती हातांत मुरावी लागते. मुरेपर्यंत पहिल्या कित्येक टोचण्या चुकावयाच्याच. त्या कोणाच्या हातावर चुकाव्या, एवढाच प्रश्न.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील नववा अध्याय, 'योग्यासूत्रीय', याच प्रश्नाचा आहे. योग्या म्हणजे येथें पात्रता नव्हे, हाताचा सराव. संस्कृत शिकविण्यांत जन्म गेल्यामुळें ही फोड केल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. शिष्य कितीही बहुश्रुत असो, सरावावांचून तो कर्मास अयोग्य, असा आचार्यांचा रोख आहे. छेदनासाठीं कोहळा, दुध्या, कलिंगड, काकडी; भेदनासाठीं पाणी व चिखल भरलेल्या कातडी पिशव्या; पट्ट्या बांधण्यासाठीं पुस्तमय पुरुष, म्हणजे मुद्दाम घडविलेला पुतळा; आणि वेधासाठीं मृत पशूंच्या शिरा व कमळाचे देठ. देठाची निवड पाहून आम्हांस फार कौतुक वाटतें. वरून चिवट, आंत पोकळ नळ्या. अग्र आंत शिरतांच अडथळा सरल्याचें बोटांस कळतें. त्या काळीं शीर वेधावयाची ती रक्त काढण्यासाठीं, आज बहुधा औषध वा सलाईन देण्यासाठीं. बोटांची कसोटी मात्र तीच.

आमच्या नाशकांत १९९८ सालीं आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झालें. आयुर्वेदाचे विद्यार्थी आणि परिचर्येच्या विद्यार्थिनी त्याच एका छत्राखालीं परीक्षा देतात. तिकडे सुश्रुत, इकडे रबरी हात. आमच्या पुतण्याची कन्या परिचर्या शिकते. तो हात सिद्ध कसा करितात, हें आम्हीं तिच्याकडून खोदखोदून विचारून घेतलें.

तांबडा रंग कालविलेल्या पाण्याची पिशवी उंच टांगतात. तें पाणी त्वचेखालच्या नळ्यांतून खालच्या भांड्यांत उतरतें. नळ्यांतील सर्व हवा निघून गेल्यावर खालची चिमटी आवळावी, म्हणजे शिरा फुगतात. हवा राहिली तर सुई नेमकी शिरेंत जाऊनही रंग दिसत नाहीं, आणि शिकणारीचा बरोबर हात चुकीचा ठरतो! सुई बारीक घ्यावी, व एकाच जागीं टोचूं नये. नाहीं तर गळती लागते. बॉलपेनची शाई, आयोडीन, इतकेंच काय, वर्तमानपत्राची छपाई लागली तरी डाग जात नाहीं. काम आटोपल्यावर नळ्यांतून स्वच्छ पाणी सोडावें, तें पुरतें निथळवावें, सावलींत वाळवून पावडर लावावी. पावसाळ्यांत ओल राहिली कीं आंत बुरशी धरते. उन्हांत टाकल्यास रबर चिरतें. त्वचा बदलावयाची वेळ आल्यास साबणाच्या पाण्यानें ती सुलभ चढते. आणि या हातास टोचलेली सुई मनुष्याच्या अंगाजवळ कदापि नेऊं नये.

एके ठिकाणीं असा हात 'खराब होईल' म्हणून कपाटांत कुलुपबंद असल्याचें आमच्या कानीं आलें. हात शाबूत राहिला, हें खरें. टोचण्या मात्र रुग्णांच्या वांट्यास गेल्या असतील.

या हातासही मर्यादा आहेत. तो दचकत नाहीं, त्यास भय वाटत नाहीं, आणि वार्धक्यांत त्वचेखालीं निसटणारी शीर त्याच्याजवळ नाहीं. आमच्या वयाच्या मंडळींस ती चांगलीच ठाऊक आहे. अशा वेळीं दोन टोचण्या वायां गेल्या तर शिकणारीनें अनुभवी परिचारिकेस हांक मारावी. आणि तिला संकोच वाटत असेल, तर खाटेशेजारीं बसलेल्या घरच्या माणसानें तसें सौम्य शब्दांत सुचवावें.