खर्ऱ्याचा भाव आणि घराचा हिशेब

परवा वीज केंद्रातला एक कंत्राटी कामगार दवाखान्यात आला. वय ३२. तिखट लागले की तोंडाची आग होते, ही तक्रार. तोंडात तीन बोटे उभी मावायला हवीत. त्याची दोनही मावली नाहीत. दिवसाला तीन खर्रे, एक २० रुपयांचा. वर्षाचे जवळपास २२ हजार! मी म्हटले, तंबाखूवर भरपूर कर हवा. तो म्हणाला, "डॉक्टरसाहेब, मंग पानठेलेवाल्याचं पोट कसं भरन?"

प्रश्न रास्त आहे. तंबाखूवर कर वाढवला तर गरीब देशाचा धंदा बुडेल, असे शिकले-सवरलेलेही म्हणतात. पण वाचकहो, खर्ऱ्यावाचून उरलेला पैसा नाहीसा होत नाही. तो दूधवाल्याकडे, किराणा दुकानात, मुलांच्या वह्या-पुस्तकांत जातो. रोजगार तिथेही आहेच. जागतिक बँकेने १९९९ साली हेच मांडले होते. किंमत १० टक्के वाढली तर आपल्यासारख्या देशांत तंबाखूचा खप सुमारे ८ टक्के घटतो, असा तिचा अंदाज होता.

आता दुसरी बाजू पाहा. २०१७-१८ मध्ये तंबाखूच्या आजारांनी व अकाली मृत्यूंनी देशाचे १,७७,३४१ कोटी रुपयांचे नुकसान झाले. म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाचा सुमारे एक टक्का. तंबाखूवरील अबकारी कर त्याच्या जेमतेम १२ टक्के भरला. याला कमाई कोण म्हणेल? कर्ता माणूस पन्नाशीत गेला की घरची शेती विकली जाते. ते नुकसान तर कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नाही.

भंडारा-गोंदियाकडे विड्या वळणाऱ्या बायांची काळजी मलाही आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने विडीवरचा दर २८ वरून १८ टक्के करण्याचे ठरवले. माझ्या मते हे उलटे झाले. विडी स्वस्त केल्याने त्या बायांची मजुरी वाढत नाही, ओढणाऱ्याचा खोकला मात्र वाढतो. कर वाढवावा आणि त्यातला वाटा त्यांना दुसरे काम शिकवायला द्यावा.

नुसत्या बंदीने भागत नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. पुड्या कुठे दिसतात ते आपण जाणताच.

सरकार करील तेव्हा करो. आज रात्री आरशासमोर तीन बोटे उभी धरून पाहा. मावली नाहीत, तर उद्याच डॉक्टर गाठा.