अनुभव यायचा कुठनं?

2020 च्या डिसेंबरात आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या निवडणुका लागल्या होत्या. त्या दिवसांत निपाणीजवळच्या खेड्यातली माझी एक माजी विद्यार्थिनी घरी आली. आई विड्या वळणारी, वडील शेतमजूर. चहा घेता घेता तिनं विचारलं, "सर, पंचायतीला उभी राहू काय?"

मी माझा ठरलेला प्राध्यापकी सल्ला दिला. "अगं, आत्ताच कुठं शिक्षण संपलंय तुझं. थोडा अनुभव येऊ दे, मग बघ."

उठता उठता ती म्हणाली, "उभं न राहता अनुभव यायचा कुठनं, सर?"

तिनं अर्ज भरला नाही. प्रश्न मात्र माझ्याकडे ठेवून गेली.

2024 च्या लोकसभा निवडणुकीत तो पुन्हा आठवला. चिकोडीतून 27 वर्षांच्या प्रियांका जारकीहोळी उभ्या होत्या आणि बेळगावातून मृणाल हेब्बाळकर. दोघंही नवखे. समोर चिकोडीत त्या वेळचे खासदार अण्णासाहेब जोल्ले आणि बेळगावात माजी मुख्यमंत्री जगदीश शेट्टर. 'ही कालची पोरं दिल्लीला जाऊन काय बोलणार?' अशी चर्चा मराठीत रंगली, तशी कन्नडमध्येही. 4 जूनला चिकोडीत नवख्या प्रियांका सुमारे 90 हजार मतांनी निवडून आल्या, तर बेळगावात अनुभवी शेट्टर सुमारे 1 लाख 78 हजारांनी. म्हणजे अननुभव हा काही मतदारांच्या लेखी गुन्हा नाही.

पण मंडळी, या दोघांनाही तिकीट मिळालं तेव्हा एकाचे वडील आणि दुसऱ्याची आई राज्यात मंत्री होती. 2021 च्या बेळगाव पोटनिवडणुकीत दिवंगत सुरेश अंगडी यांच्या पत्नी मंगला अंगडी विजयी झाल्या, तेव्हाही घराचं नाव पाठीशी होतंच. यात बेकायदा काही नाही, आणि अशा घरातली माणसं चांगलं काम करणार नाहीत असंही नाही. मला खुपतं ते वेगळंच. अननुभव सगळ्यांचा एकाच तराजूत तोलला जात नाही. घरात मंत्री असला तर आपण त्याला 'तरुण नेतृत्व' म्हणतो. आईच्या मांडीवर विड्यांचं सूप असलं तर 'थांब जरा' म्हणतो. मीही तेच म्हटलं होतं.

अनुभवाला किंमत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. नवख्या सदस्यापुढे फाईल येते, सही कुठं करायची तेवढं दाखवलं जातं, आणि कारभार दुसराच कोणी हाकतो. हे आपण गावोगाव पाहिलं आहे. म्हणून तर राजकारण शिकायला गावच्या, तालुक्याच्या पायऱ्या लागतात. त्यांचीच अवस्था पाहा. कर्नाटकात जिल्हा आणि तालुका पंचायतींच्या निवडणुका 2016 मध्ये झाल्या, 2021 मध्ये मुदत संपली, आणि पुढच्या निवडणुका वर्षानुवर्षे लांबत गेल्या. बेळगाव महापालिकेचे नगरसेवक सप्टेंबर 2021 मध्ये निवडून आले, पण महापौर निवडायला फेब्रुवारी 2023 उजाडला. शाळेला कुलूप लावायचं आणि वर पोरांना 'तुम्ही शिकलेले नाही' म्हणून हिणवायचं, असला हा प्रकार.

'अनुभव' हा शब्द मराठीत आहे, तसाच कन्नडमध्येही. बाराव्या शतकातल्या बसवण्णांच्या अनुभव मंटपाची गोष्ट आपल्या दोन्ही भाषांच्या घरांत ठाऊक आहे. तिथं नावाडी अंबिगर चौडय्या बसत, परीट मडिवाळ माचय्याही बसत. आपापल्या कामातून आलेलं शहाणपण हाच त्यांचा अनुभव. तरुण अक्कमहादेवी आली तेव्हा अल्लमप्रभूंनी तिला कठोर प्रश्न विचारले आणि तिची उत्तरं ऐकून तिला मानानं सामावून घेतलं, असं परंपरा सांगते. तिचं वय किंवा घराणं यावर निकाल लागला नाही. तो लागला तिच्या उत्तरांवर.

आपणही दारात आलेल्या उमेदवाराला प्रश्नच विचारावेत. आमच्या वॉर्डात पाणी किती दिवसांनी येतं? विडी कामगाराला हजार विड्यांमागे हातात काय पडतं? मराठी माणसाला सरकारी कागद त्याच्या भाषेत मिळावा म्हणून तू काय करणार? वीस वर्षं खुर्चीत काढलेला यात नापास होऊ शकतो आणि बावीस वर्षांची पोर पास होऊ शकते.

त्या विद्यार्थिनीची परवा बाजारात गाठ पडली. कडेवर लेकरू होतं. मी म्हटलं, "त्या दिवशी माझं चुकलं बघ. पुढच्या वेळी उभी राहा."

ती हसली. "बघू की सर. आता हा जरा मोठा होऊ दे."

'थांब जरा' हे आता तिचं तीच म्हणत होती. पहिल्यांदा ते तिला शिकवलं होतं मी.