मजुरी वाढली, मग काम कुठे गेलं?

नोव्हेंबरात अकोटकडच्या कोणत्याही वावरात जा. कमरेला ओटी बांधून बाया कापूस वेचताना दिसतील. दिवस मावळताना धुऱ्यावर वजनकाटा निघतो, गाठोडं तोललं जातं आणि किलोमागे पैसे ठरतात. किमान वेतनाचा कायदा १९४८ मध्येच आला, पण किमान दर तिथे आजही कोणी विचारत नाही.

मजुरी वाढवली की रोजगार बुडतो, असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. याची मोठी परीक्षा महाराष्ट्रानेच दिली आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेचा कायदा १९७७ चा. १९७९ पासून तो लागू झाला आणि मागेल त्याला काम हा हक्क ठरला. १९८८ मध्ये शेतमजुरांच्या वाढीव किमान मजुरीबरोबर हमीच्या कामांचाही दर दुप्पट झाला आणि कामावरची हजेरी घसरली. अर्थशास्त्रज्ञ मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी यांनी १९९३ मध्ये त्याचा अभ्यास मांडला. काम हवं असलेली माणसं होती, पण सगळ्यांना पुरतील इतकी कामं निघत नव्हती, हे त्यातून दिसलं. माझ्या मते चूक दर वाढवण्यात नव्हतीच. दर दुप्पट केला तर पैसाही त्या मानाने सोडायला हवा होता.

अमेरिकेत न्यू जर्सीतली किमान मजुरीची वाढ कार्ड आणि क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी तपासली, तेव्हा नोकऱ्या घटलेल्या आढळल्या नाहीत. पण तिथे मालक खानावळींच्या साखळ्या होत्या. आपल्याकडचा मालक पाच एकर कोरडवाहूवाला. असाच एक जण मला म्हणाला, "मजुरी द्याले नाही कोन म्हन्ते? पन कापसाले भाव पायजे ना!" त्याचं खरं आहे. मजुरी झेपेना की तो तणनाशकाकडे वळतो. जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला तणनाशक सोसणारं, बंदी असलेलं कपाशीचं बियाणं उघडपणे पेरलं गेलं, त्यामागे निंदणाचा खर्च हेही कारण होतं. निंदण बायांच्या हातचं काम. ते गेलं की पहिली झळ त्यांनाच.

म्हणून कापसाचा भाव आणि वेचणीची मजुरी एकाच आंदोलनात मागायला हवी. आणि वावरातलं काम आटतं तेव्हा सरकारी काम उघडं असलंच पाहिजे. बायांनो, कामाची मागणी तोंडी करू नका. लेखी अर्ज द्या, आणि तारखेची पोच हातात पडल्याशिवाय ग्रामपंचायतीतून हलू नका.