धरणाखाली कोण राहते?

12 जुलै. पुणेकरांच्या घरात ही तारीख अजून पानशेतच्या नावाने निघते. ठाणे-कल्याणकरांना तिचे काही वाटत नाही. वाटायला हवे.

1961 साली त्या दिवशी आधी फुटले ते पानशेत धरण, आणि ते म्हातारे नव्हते. त्याचे बांधकामही पुरते झाले नव्हते. त्याच्या लोंढ्यापुढे खालचे दगडी, ब्रिटिशकालीन खडकवासला दुपारी गेले. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे फुटले, तेही तरुणच होते. गावकरी गळतीबद्दल ओरडत होते. वीसहून अधिक जीव गेल्यावर मंत्रिमहोदयांनी खापर खेकड्यांवर फोडले. (खेकड्यांचा खुलासा अद्याप आलेला नाही.)

आपल्या, ठाणे-कल्याणकरांच्या, डोक्यावर आहे भातसा. शहापूर तालुक्यातले, 88 मीटर उंचीचे हे धरण आज मुंबईची जवळपास निम्मी तहान भागवते. ठाणेही त्याच पाण्यावर जगते. जलाशय भरत असताना 1983 मध्ये परिसरात भूकंपाचे धक्के सुरू झाले, त्यातला सर्वांत मोठा 15 सप्टेंबरचा. जलाशयामुळे होणाऱ्या भूकंपांच्या अभ्यासात कोयनेबरोबर भातसाचेही नाव घेतले जाते. धरण उभे आहे. चाळिशी मात्र उलटली.

धरणांच्या 'धोका वर्गवारी'ची बातमी आली की पहिला प्रश्न ठरलेला : भिंतीला तडा गेला का? वर्गवारीचा तड्याशी संबंध नाही. धरणाची तब्येत पावसाळ्याआधीच्या आणि नंतरच्या तपासणीत कळते. हा वर्ग ठरतो तो धरण फुटलेच तर खाली किती माणसे, किती घरे, किती रस्ते-रूळ वाहून जातील यावरून. म्हणजे भिंतीतला एक दगडही न हलता धरण वरच्या वर्गात जाऊ शकते. भातसा नदी काळूला मिळते, काळू कल्याणजवळ उल्हासला, आणि उल्हास डोंबिवली, मुंब्र्याच्या कडेने खाडीकडे जाते. या काठांवर भातखाचरांच्या जागी चाळी आल्या, चाळींच्या जागी टॉवर. बांधकाम परवानगीच्या प्रत्येक शिक्क्याबरोबर वरच्या धरणाचा धोका वाढतो, आणि शिक्का मारणाऱ्या टेबलाला त्याचा पत्ताही नसतो. तिथल्या नकाशावरची निळी आणि लाल पूररेषा ही नदीच्या पुराची असते. धरणफुटीचे पाणी त्या रेषा पाळणार नाही.

खरी माहिती नसली की अफवाही जीव घेते. 26 जुलै 2005 च्या महापुरानंतर दोनच दिवसांनी जुहूच्या नेहरूनगरात धरण फुटल्याची अफवा उठली आणि चेंगराचेंगरीत माणसे मेली. पाणी आलेच नव्हते.

धरण सुरक्षा कायदा 30 डिसेंबर 2021 रोजी लागू झाला. जुन्या धरणांचे आपत्कालीन कृती आराखडे तयार करायला त्याने पाच वर्षे दिली. भातसाचे दरवाजे उघडताना नदीकाठच्या सापगावला इशारा जातो. कल्याण-ठाण्याच्या रहिवाशाला तेवढेही ठाऊक नसते. पाणी कुठवर येईल, किती तासांत येईल, कुठल्या रस्त्याने निघायचे, हे दाखवणारा नकाशा जलसंपदा विभागाने मराठीत छापून दोन्ही महापालिकांच्या प्रत्येक प्रभाग कार्यालयात लावावा, आणि काठावरच्या प्रत्येक नव्या इमारतीच्या फायलीत त्याची एक प्रत असावी. कायद्याने दिलेली मुदत 2026 च्या डिसेंबरअखेरपर्यंतच आहे.